घराण्यातलं नाही

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला रुग्ण सहसा भेटत नाही, त्याला ब्लॉक भेटतो. काड्यापेटीपेक्षाही लहान असा मेणाचा तुकडा, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत बसवलेला, मधोमध नखाएवढा मांसाचा अंश आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. शाई पुढच्या रसायनांत विरघळून जाते, म्हणून अजूनही पेन्सिलच. डॉक्टरेट पूर्ण करून मी मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा पहिले सात-आठ महिने कर्करोगाशी माझा संबंध या ब्लॉकांपुरताच होता. त्यांतून डीएनए काढायचा, त्यावरच्या रासायनिक खुणा वाचायच्या आणि आकडे तक्त्यात भरायचे. आमच्या प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात ‘प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंत’ असे भारदस्त शब्द होते. रुग्णशय्या आमच्या दोन मजले खाली होती, पण तिथवर जाण्याचे कारण मला कधी पडले नव्हते.

ते कारण एका प्लास्टिकच्या पिशवीतून आले. उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाजवळ अशी पिशवी असते. तिच्यात केशरी रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, स्कॅनच्या फिल्म, स्लाईडची डबी आणि रुमालात गुंडाळलेला ब्लॉक असतो, आणि घरातला एखादा कर्ता माणूस ती छातीशी धरून या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतो. त्या दुपारी आमचा मदतनीस जेवायला गेला होता, म्हणून खिडकी मी उघडली. समोरच्या माणसाच्या अंगात एसटीच्या वाहकाचा खाकी गणवेश होता. रात्रीची गाडी घेऊन तो सकाळी मुंबई सेंट्रलला उतरला होता आणि कपडेही न बदलता आला होता. त्याची आई त्रेसष्ट वर्षांची. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली, पुढे केमो द्यायची की नाही हे विचारायला तिला मुंबईत आणले होते आणि ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली होती. पुढे मीही तिला मावशीच म्हणू लागले, म्हणून इथेही मावशीच म्हणते.

ब्लॉकचे पातळ काप काढून त्यांवर चार प्रथिनांची तपासणी होते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करते आणि नक्कल करताना चुका होतात. त्या चुका हुडकून दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची ही चार प्रथिने आहेत. ती हजर असतील तर पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, नसतील तर निळी. मावशींच्या स्लाईडवर एमएसएच२ आणि एमएसएच६ व्यवस्थित तपकिरी होते. एमएलएच१ मात्र गाठीच्या पेशींत कुठेच नव्हते, आणि त्याच्या जोडीने टिकणारे पीएमएस२ही नव्हते. त्याच काचेवर, गाठीच्या मधेमधे शिरलेल्या निरोगी पांढऱ्या पेशी मात्र गडद तपकिरी होत्या. डोळा सरावला नसेल तर हे दृश्य सुंदर वाटते. निळ्या वस्तीत जागोजागी तपकिरी ठिपके दिसतात, आणि त्या ठिपक्यांमुळेच खात्री पटते की रंग चढवण्यात चूक झालेली नाही, प्रथिनच गेलेले आहे.

या एका निरीक्षणावर मावशींची केमो टळली. दुसऱ्या टप्प्यावरच्या आतड्याच्या गाठीत ही दुरुस्ती यंत्रणा बंद असेल, तर रोग परत येण्याचा धोका मुळात कमी असतो आणि नेहमीच्या फ्लुरोयुरॅसिल या एकट्या औषधाने काही फायदा होत नाही, हे आता प्रस्थापित आहे. जनुकशास्त्र प्रत्यक्ष उपचारांत उतरते ते बहुतेक वेळा असे, गाजावाजा न करता. एक औषध लिहिलेच जात नाही आणि रुग्ण सहा महिने लवकर घरी जातो.

एमएलएच१ का गेले, हा प्रश्न मात्र राहिला, आणि त्याची दोन उत्तरे संभवत होती. पहिले असे की मावशींना जन्मतःच या जनुकाची एक बिघडलेली प्रत आईकडून किंवा वडिलांकडून मिळाली होती आणि आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही गेली. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसे असेल तर प्रत्येक अपत्याला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्यांना तो मिळाला आहे त्यांना पंचविशीच्या आसपासपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते. दुसरे उत्तर असे की जनुकाचा मजकूर मुळीच बदललेला नाही; उतारवयात, केवळ त्या आतड्याच्या पेशींत, जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलच्या खुणा बसल्या आणि जनुक मुके झाले. एमएलएच१ नाहीसे झालेल्या आतड्याच्या गाठींपैकी बहुतेकांत हेच घडलेले असते. ते त्या गाठीपुरते असते आणि गाठीबरोबर जाते.

मराठी वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला मला अनुस्वार उपयोगी पडतो. अक्षर तेच असते, वर एक टिंब येते आणि उच्चार बदलतो. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढेच ते टिंब. ते डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर बसते. एखाद्या जनुकाच्या आरंभी अशी टिंबे दाटीने बसली की पेशी तो उताराच वाचायचे सोडून देते. उपमा पूर्ण बसत नाही हे मला ठाऊक आहे, अनुस्वाराने कुठलाही शब्द मुका होत नाही. पण धर्मशाळेच्या ओसरीवर एवढ्यावर भागले.

आता माझी चूक सांगते. चार प्रथिनांचा अहवाल आला त्या दिवशी मावशींचा मुलगा जिन्यात भेटला. खरे तर मी त्याला ओपीडीत पाठवायला हवे होते. अहवाल सांगणे हे माझे काम नव्हते आणि तसा अधिकारही नव्हता. पण तो दोन तास उभा होता, मी तरुण होते, आणि आपल्याला माहीत असलेले कुणीतरी विचारत आहे याचे एक सुख असते. ‘मॅडम, काय निघालं?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘जनुकीय बदल दिसतोय, दादा. अजून एक तपासणी करायची आहे.’

माझ्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते. प्रत्येक कर्करोग पेशीच्या जनुकांत झालेल्या बदलांतून होतो, तंबाखूमुळे झालेलासुद्धा. आणि त्यांतले पुढच्या पिढीत उतरणारे शंभरात साधारण पाच ते दहा. पहिल्याला आम्ही जनुकीय म्हणतो, दुसऱ्याला आनुवंशिक. पाठ्यपुस्तकात हे दोन शब्द दोन वेगळ्या पानांवर असतात. एसटीच्या वाहकाच्या कानाला ते एकच ऐकू येतात, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण मराठी घरांत दोन्हींसाठी एकच शब्द चालत आला आहे: घराण्यातलं. ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’ असे कुणाविषयी म्हटले की मुलगी देताना लोक दोनदा विचार करतात; मग ते कोड असो, वेड असो की कर्करोग. त्याने त्याच रात्री गावी बहिणीला फोन केला. बहिणीच्या मुलीचे लग्न ठरत आले होते. मला हे सगळे चार महिन्यांनी कळले.

दरम्यान आम्ही वंशावळ काढत होतो. कर्करोगाच्या जनुकशास्त्रातले हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे; कागद, पेन्सिल, पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजारी असेल तर भरीव, वारला असेल तर वरून तिरपी रेघ. मी हे शिकले ते इंग्रजी पुस्तकांतून, आणि कोकणातले कुटुंब समोर बसले की त्या पुस्तकांचे पितळ उघडे पडते. मावशींना सासरची चार पिढ्यांची नावे तोंडपाठ होती. माहेरची म्हणजे आई, वडील, दोन भाऊ आणि तीन बहिणी. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांतली एक घाटावर दिली होती, ती ‘पोटातल्या कशानेतरी’ गेली. कशाने, ते त्या घरच्यांना ठाऊक, आणि त्या घराशी येणेजाणे उरलेले नव्हते. एक भाऊ पंचेचाळिशीत गेला, तोही पोटाचाच. कागद नाहीत, होते ते त्याच्या बायकोने तेराव्यानंतर जाळले. मावशींचे स्वतःचे लग्न मामाच्या मुलाशी झालेले, म्हणजे चौकोन आणि वर्तुळ यांच्यामध्ये दुहेरी रेघ. आपल्याकडे अशी दुहेरी रेघ काढताना हात थबकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकात ती अपवाद म्हणून येते.

आपल्या समाजाला वंशावळीचे वावडे आहे असे मुळीच नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत कितीतरी पिढ्यांची नावे सापडतात, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन कुळाची नावे घडाघडा म्हणून दाखवतो. पण त्या सगळ्या वंशावळी मुख्यतः बापाकडून लेकाकडे जातात. लेक सासरी गेली की रेघ तिथेच तुटते, आणि बिघडलेले जनुक असले भेद पाळत नाही. ते लेकीबरोबर घाटावर जाते. म्हणून मी पुरुषांना कमी आणि आत्यांना, मावश्यांना जास्त विचारू लागले. कोण कधी आजारी पडली, कुणाचे पोट फुगले होते, कुणाच्या अंगावरून फार जायचे, हे बाळंतपणाला आणि दिवसांना गेलेल्या बायकांना ठाऊक असते.

यात मी काही नवे शोधले असे नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली पॉलीन ग्रॉस नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईने ॲल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले होते की आपण तरुणपणीच कर्करोगाने मरणार, कारण घरातले सगळे तसेच गेले आहेत. तिने आपल्या नातेवाइकांची माहिती त्याला जमवून दिली, आणि पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने ती गेली. वॉर्थिनने ते घराणे १९१३ साली प्रसिद्ध केले, हेन्री लिंच यांनी साठच्या दशकापासून अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, आणि जनुके हाती लागली ती १९९३-९४ मध्ये. आजाराला नाव मिळाले ते लिंच यांचे. ज्या बाईने वंशावळ गोळा केली तिचे नाव आमच्या वर्गात कुणी घेतल्याचे मला आठवत नाही.

मावशींचा भाऊ आणि बहीण यांच्यामुळे आता तपासणीला वेगळेच वजन आले. आधी आम्ही बीरॅफ या जनुकातला एक ठरावीक बदल पाहिला; तो गाठीत सापडला असता तर लिंचची शक्यता जवळपास मिटली असती. तो सापडला नाही. मग उरली मिथाइलची तपासणी, आणि तेच माझे काम.

ही तपासणी मोठी चतुर आहे. डीएनए सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणात तापवत ठेवला की टिंब नसलेले सायटोसिन बदलून युरॅसिल होते. टिंब असलेले जसेच्या तसे राहते. म्हणजे जी खूण वाचता येत नव्हती ती अक्षरांतल्या फरकात उतरते आणि नेहमीच्या पद्धतीने वाचता येते. १९९६ सालापासून याला जोडून पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवून पाहण्याची, एक साधी चाचणी उपलब्ध आहे: दोन नळ्या, एकीत टिंबवाला उतारा वाढतो, दुसरीत बिनटिंबाचा. अडचण अशी की बायसल्फाइट हे जुन्या साडीला लावलेल्या ब्लीचसारखे आहे, डाग जातो आणि साडीही विरते. बहुतेक डीएनए तुटून जातो. मुळात तो धडधाकट असेल तर उरलेल्यावर भागते. मावशींचा नव्हता. जिल्ह्याच्या त्या रुग्णालयात काढलेले आतडे उभे चिरून पसरायच्या ऐवजी अख्खेच फॉर्मलिनच्या, म्हणजे मांस नासू नये म्हणून वापरायच्या द्रावणाच्या, बरणीत टाकले गेले असावे. फॉर्मलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. ते मध्यापर्यंत पोचेतो आतला भाग नासायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिनांचा रंग कसाबसा उठला होता, पण डीएनएचे तुकडे तुकडे होते. मी तीनदा चाचणी लावली. तिन्ही वेळा मावशींच्या दोन्ही नळ्या कोऱ्या. शेजारी ठेवलेले ज्ञात नमुने मात्र झळझळीत उठलेले, जणू वर्गात फक्त आपलेच मूल नापास झाले आहे.

त्या कोऱ्या पट्ट्यांकडे पाहत असताना एका ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी, ज्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही, विचारले, ‘ऑपरेशनच्या आधी दुर्बीण घातली असेल ना? तेव्हाचा तुकडा कुठाय?’ कोलोनोस्कोपीच्या वेळी घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, त्यामुळे फॉर्मलिन त्यात पटकन मुरते. तो ब्लॉक चिपळूणच्या एका लॅबमध्ये होता. मुलाने तो मिळवला आणि रात्रीच्या गाडीने आणला. मे महिना होता. मेण साठ अंशांच्या आतच वितळते, म्हणून ब्लॉक चालकाच्या समोरच्या काचेपाशी ठेवू नका असे मी फोनवर बजावले होते. तिकिटाच्या यंत्राच्या पेटीत, डब्यातल्या ओल्या फडक्याशेजारी ठेवून त्याने तो आणला. विज्ञानात ज्याला शीतसाखळी म्हणतात तिचा हा मी पाहिलेला सर्वांत विश्वासू दुवा.

यावेळी टिंबवाली नळी उठली. त्याच आठवड्यात मावशींच्या रक्तावरही तीच चाचणी केली, कारण फार क्वचित अशी खूण जन्मापासूनच साऱ्या शरीरभर असू शकते. रक्तात टिंब नव्हते. अर्थ स्पष्ट होता. जे झाले ते गाठीत झाले होते.

औषधाच्या दृष्टीने या फरकाला फारसे महत्त्व नाही. दुरुस्ती यंत्रणा बंद असलेल्या पसरलेल्या कर्करोगावर पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध, गाठ कोणत्याही अवयवातली असो, वापरायला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. यंत्रणा जन्मतः बंद आहे की नंतर, हे ते औषध विचारत नाही. घर मात्र तेवढेच विचारते.

अशा कामाचे संशोधकाच्या आयुष्यात काय स्थान आहे, याविषयी थोडे लिहायला हवे, आणि ते तक्रारीच्या सुरात होईल याची मला कल्पना आहे. मुंबईने कर्करोगाच्या विज्ञानात मोठ्या गोष्टी केल्या आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला उघडले. तिथल्या परंपरेत व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे बॉल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून परत आल्या, आणि त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्या तेव्हापासून शोधत होत्या. अलीकडे याच शहरात, निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेऐवजी तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम इतके कमी देऊन, डोक्या-मानेच्या असाध्य कर्करोगात एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे टाटाच्या डॉक्टरांनी दाखवले. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत जनुकीय बदल करून दिली जाणारी, आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून घडवलेली उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते देशाला अर्पण झाली. या बातम्या वाचताना माझीही मान ताठ होते.

पण यांच्यामागे आमच्यासारख्यांचा जो रोजचा व्यवहार असतो, तो कुणाच्या हिशेबात नसतो. एक चाचणी दुसऱ्या देशात सिद्ध झालेली असते. ती आपल्या फॉर्मलिनवर, आपल्या पाण्यावर, आपल्या ब्लॉकांवर तितकीच खरी उतरते का हे पडताळायला दीड वर्ष जाते, आणि शेवटी निष्कर्ष निघतो की होय, उतरते. असा निबंध कोणते नियतकालिक छापणार? ‘यात नवे काय?’ हा शेरा मला दोनदा मिळाला आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये झाली. डोंबिवलीहून येणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्याचे घरभाडे, पास आणि आईचे औषध त्यातून वजा केले की उरलेले किती काळ पुरते, हे तो प्रत्येक ३१ मार्चला प्रकल्पाच्या मुदतवाढीच्या पत्राची वाट पाहताना मोजत असतो. शिवाय डॉक्टर मंडळी आम्हाला शास्त्रज्ञ समजतात आणि शास्त्रज्ञ मंडळी आम्हाला रुग्णालयातले तंत्रज्ञ. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे रुग्णाचे उपचार मिळून ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या, बैठकीत आमची खुर्ची शेवटच्या रांगेत असते, आणि बोर्डाला हवा असलेला अहवाल पुष्कळदा तिथूनच पुढे जातो.

मावशींचे प्रकरण इथे संपायला हवे होते. पण भाऊ आणि बहीण यांचा इतिहास पाहून सरांनी मावशींच्या रक्तातली सुमारे तीन डझन जनुके तपासून घ्यायला सांगितले. एमएलएच१ आणि त्याची भावंडे स्वच्छ होती. एटीएम नावाच्या जनुकात मात्र एक बदल निघाला, आणि त्यापुढे शेरा होता: महत्त्व अनिश्चित. हे नाव ऐकून मुलगा त्या साऱ्या काळात पहिल्यांदा हसला. ‘एटीएममध्ये पण प्रॉब्लेम?’ मग गंभीर होऊन म्हणाला, ‘म्हणजे आहे की नाही?’

२०१५ पासून जगभर प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार अशा बदलांचे पाच वर्ग करतात. दोन टोकांना घातक आणि निरुपद्रवी, मध्ये दोन ‘बहुधा’, आणि ठीक मधोमध हा अनिश्चित. अनिश्चित म्हणजे अर्धा घातक नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की असा बदल असलेली पुरेशी माणसे अजून कुणी मोजलेली नाहीत. जगातल्या जनुकीय माहितीच्या साठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे, म्हणून आपल्याकडे गल्लीबोळांत सापडणारा निरुपद्रवी बदलही तिथे अनोळखी ठरतो. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. अशा कामातून यांतली अनेक नावे हळूहळू ओळखीची होतील. आजवर ज्या अनिश्चित बदलांचा निकाल लागला, त्यांतले बहुतेक निरुपद्रवीच ठरले आहेत. तोवर नियम असा की त्यावर काहीही करायचे नाही. हे मी दादांना जमेल तसे सांगितले. त्यांनी मान हलवली; ती पटल्याची होती की दमल्याची, हे मला ठरवता आले नाही.

आणि मग त्यांनी बहिणीच्या मुलीचे सांगितले. सोयरीक मोडली नव्हती, थांबली होती. मुलाकडचे म्हणत होते, ‘डॉक्टरांनीच सांगितलंय ना, घराण्यातलं आहे म्हणून.’ तो डॉक्टर म्हणजे मी, जिन्यातली. दादांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला मान वर करणे अधिक जड गेले. त्यांना फक्त कागद हवा होता. ‘अहवाल आहे की तुमच्याकडे,’ मी म्हटले. त्यांनी पिशवीतून तो काढला. चार पानांचा, इंग्रजीत, टिंबांच्या टक्केवारीसह. ‘हा कोण वाचणार तिकडे? मराठीत लिहून द्या, शिक्क्यानिशी.’

मराठीत अहवाल देण्याचा नमुना आमच्याकडे नव्हता. कार्यालयाने विचारायला आठ दिवस घेतले आणि नाही म्हणून सांगितले. शेवटी सरांनी स्वतःच्या नावाच्या पत्रकागदावर सही करायचे कबूल केले, मजकूर मी लिहायचा. इतकी वर्षे मी या विषयावर इंग्रजीत लिहीत आले होते. मराठीतले ते दहा ओळींचे पत्र लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ‘जनुकीय’ हा शब्द मी घातलाच नाही. एटीएमचा उल्लेख करायचा का, यावर सरांचे आणि माझे थोडे वाजले. ते म्हणाले, अहवालात आहे, मुलाला तोंडी सांगितले आहे, सोयरीक पाहणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नाही. ते बरोबर होते असे मला वाटते, तरी काहीतरी झाकल्याची रुखरुख आहे. दर तीन-चार महिन्यांनी, हार्बर लाइनवर बसायला जागा मिळाली की, मी तो बदल माहितीसाठ्यात पुन्हा शोधते. शेरा अजून तोच आहे.

पत्रातले मुख्य वाक्य असे होते: ‘हा बदल फक्त गाठीत झालेला आहे, रक्तात नाही, त्यामुळे या आजाराचा हा बदल मुलांना किंवा नातवंडांना जात नाही.’ दादांनी ते धर्मशाळेच्या ओसरीवर आईला वाचून दाखवले. मावशी पाय पसरून, पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘ताई, गाठ हा शब्द काढा.’

मी सांगायचा प्रयत्न केला की सगळा अर्थ त्याच शब्दात आहे. गाठीत आहे आणि बाकी शरीरात नाही, हेच तर आम्ही इतके महिने शोधत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ‘ते तुम्हाला कळतं. तिकडे पत्र चारचौघांत वाचतील. गाठ म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही. आजार म्हणा.’ आजारात बदल झाला, असे लिहिले तर वाक्याला काही अर्थ राहत नव्हता. पेशी, ऊती, आतड्याचे अस्तर, असे एकेक शब्द मी पुढे करत गेले आणि माय-लेक ते नाकारत गेले. दादांची गाडी साडेनऊची होती. शेवटी मावशीच म्हणाल्या, ‘आतड्याचा जो तुकडा कापून टाकला, त्यात होतं. तो तर टाकला. मग तसंच लिहा ना.’

मी तसेच लिहिले. सकाळी सरांची सही घेतली, शिक्का मारून घेतला आणि पत्र लिफाफ्यात घालून, पुढच्या फेरीला आलेल्या दादांच्या हाती मुंबई सेंट्रलला दिले. त्यांनी ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवले आणि घंटी ओढली.